मोडलेला पाट

कुणब्याच्या घरात तरणी पोर विधवा झाली, तर वऱ्हाडात तिचा पाट लावून देत. वद्यपक्षातली रात्र धरायची, गाजावाजा करायचा नाही, पहिल्या लग्नाचा मान द्यायचा नाही. पण संसार पुन्हा उभा राहायचा. ब्राह्मणांच्या पोथीत विधवेला दुसरा नवरा नव्हता. गंमत अशी, की घरात चार पैसे आले, देशमुखी मिरवू लागली, की पहिली गदा यायची ती या पाटावरच. ‘आमच्यात पाट लावत नाहीत’ हा कुलीनपणाचा दाखला ठरला. काळाबरोबर धर्म सैल होत जातो, हा समज इथे सपशेल उलटा पडतो.

हे उलटं चक्र नेमकं पकडलं ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांना बायकांच्या नीतीवर तोंडसुख घ्यायला निमित्त मिळालं होतं. ताराबाईंनी १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून घेतलं. पुरुषांनी पोशाख बदलला, खाणंपिणं बदललं, तेव्हा धर्म बुडाला नाही. मग विधवेच्या लग्नानेच तो कसा बुडतो? सावित्री नवऱ्यासाठी यमामागे गेली. बायकोसाठी गेलेला एक तरी नवरा दाखवा! पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती न राहता मराठे-देशमुखांच्या घरांतही शिरली, हेही त्यांनी सुनावलं. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण कागदावरच्या परवानगीने घराण्याची अब्रू थोडीच सैल होते.

पुस्तक सत्यशोधकांतल्याही काहींना झोंबलं. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र हे पुस्तक विस्मृतीत गेलं, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं ते थेट १९७५ मध्ये.

ज्या १८८२ मध्ये ताराबाई लिहीत होत्या, त्याच वर्षी अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या बहुपत्नीत्वावर कायद्याचा बडगा उगारला गेला. आठ वर्षांनी, १८९० मध्ये, पंथाचे अध्यक्ष विलफर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून अशी लग्नं थांबवायला सांगितली. तिथे शिकवण फिरवायला निदान एक अधिकृत तोंड होतं. आपल्याकडे तसा अध्यक्ष कुठला? त्याच १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही, असं ठरलं. शास्त्र्यांचा वाद चालू राहिला, वस्तरा मात्र थबकला.

बुलढाणा जिल्ह्यात ही सत्यशोधकी ओल टिकून होती. फुल्यांचं पहिलं चरित्र लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील चिखलीचे; ते चरित्र १९२७ चं. पुढची उडी मोठी. १२ जानेवारी २००५ रोजी, जिजाऊंच्या जयंतीला, सिंदखेडराजात ‘शिवधर्म’ जाहीर झाला. मराठा सेवा संघाचा पुढाकार, आ. ह. साळुंखे यांचं वैचारिक नेतृत्व, आणि केंद्रस्थानी जिजाऊ. पुरोहिताविना लग्नविधी हा त्यातला एक भाग. नवा धर्म किती घरांत रुजला, यापेक्षा तो मांडताना मध्यभागी एका विधवा आईला बसवलं, ही गोष्ट लक्षात राहते. शहाजीराजे गेल्यावर जिजाऊ दहा वर्षं जगल्या, कारभारात राहिल्या. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात त्यांचे वडील लखुजी जाधव यांच्या वाड्याशी पहाटेपासून रीघ लागते. पुस्तकांच्या दुकानांवरही झुंबड असते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ सरकारी परिपत्रक निघालं आणि राज्यभरच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगण्यात आलं. ठरावात नावं घेऊन लिहिलं होतं: कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. ताराबाईंच्या पुस्तकानंतर एकशेचाळीस वर्षं उलटली होती. केशवपन त्या यादीत नव्हतं. ते लिहायची गरजच उरली नव्हती.