दुनळीची किंमत

वाड्यातल्या वाटण्या निघाल्या की सोनं तोळ्यावर मोजतात, जमीन बिघ्यावर, तांब्याची भांडी किलोवर. घोडं अडतं ते सासऱ्यांच्या कपाटातल्या विलायती दुनळी बंदुकीपाशी. तिला कुठलं माप लावायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. आणि घरातला कर्ता गेला की ती विकायचं काम बरेचदा बाईच्याच गळ्यात येतं. आपल्या समाजात बंदूक विरळाच. पण आमच्या ग्वाल्हेर-इंदूरकडे जुन्या सरदार घराण्यांतल्या मैत्रिणींकडे ती अजून आहे. म्हणून तिचा इतिहास आपणही जाणून घ्यावा.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. गोऱ्यांना आणि संस्थानिकांना मात्र सूट होती. त्यामुळे बंदूक ही मानाची खूण झाली. लंडनच्या पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंड, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यांकडे इथून मागण्या जाऊ लागल्या. या बंदुका छऱ्यांच्या, म्हणजे मुख्यतः पक्ष्यांसाठी. एका रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी रुंद. ती ‘बारा बोअर’. भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथं दगडावर कोरून ठेवलाय. त्या काळी मिरवायची गोष्ट होती ती. आज वाचताना जीव कळवळतो.

अशा बंदुकीची किंमत नावानं सुरू होते, पण नावावर संपत नाही. बेल्जियमच्या स्वस्त बंदुकांवर नामांकित इंग्रज कारखान्यांशी मिळतीजुळती नावं कोरून विकल्याची उदाहरणं आहेत. खरी ओळख पटते नंबरानं. मोठ्या कारखान्यांनी प्रत्येक नंबराची नोंद वहीत ठेवली. बंदूक कधी पुरी झाली, कुणासाठी केली, नळीची लांबी किती. नंबर कळवला की त्या नोंदीचा उतारा मिळू शकतो. आज आहे ती बंदूक वहीतल्या वर्णनाशी जुळली, तर भाव चढतो. नळ्या बदललेल्या किंवा दस्ता दुसरा बसवलेला निघाला, तर उतरतो.

मग बघायचे शिक्के. इंग्लंडमध्ये बंदूक विकण्याआधी जादा दारू भरून तिची परीक्षा घेत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं. नळ्यांच्या खालच्या अंगाला हे शिक्के असतात. ती काळ्या दारूसाठी तपासलेली की नंतरच्या जोरदार बिनधुराच्या दारूसाठी, हे त्यांवरून जाणकाराला कळतं. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. दिसायला सुरेख, पण अशी बंदूक आजचं काडतूस घालून उडवून बघू नये. नळीची जाडी आतून गंजून किंवा घासून किती उरली, हे कारागीर मापानं सांगतो.

घरात दोन नुकसानं हटकून होतात. एक म्हणजे विकण्याआधी चकाचक पॉलिश. त्यात नक्षी बोथट होते, मूळचा रंग जातो आणि किंमतही जाते. जुनी चामड्याची पेटी, आतलं कारखान्याचं लेबल, बिल, पत्रं हे सगळं मात्र जपावं. दुसरं नुकसान वाटणीचं. अशा बंदुका जोडीनं करवत. एक हातात, दुसरी भरणाऱ्याकडे. त्यांवर १ आणि २ असे आकडे असतात. दोघा भावांनी एकेक घेतली की जोड फुटते. जोडीला एकटीच्या दुपटीहून जास्त भाव येतो. पाटल्यांची जोडी तोडायला आपण तयार होत नाही, तसंच हे.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. १९८३ मध्ये एका माणसाला तीन हत्यारांची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली, आणि वारशानं आलेल्या बंदुकाही तीत धरल्या. परवानेधारक वारला की त्याचा परवाना वारसाला चालत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि मग वारसानं अर्ज करायचा. खरेदीदारही परवान्याचाच हवा. शंभर वर्षं ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही, तेव्हा परदेशी लिलावातले आकडे ऐकून हुरळूनही जाऊ नये.

जमा करण्याच्या घाईत बंदूक कवडीमोलानं जाते, ती याच वळणावर. म्हणून ठाण्यात किंवा दुकानात देण्याआधी नाव, नंबर आणि शिक्के कागदावर उतरवावेत, फोटो काढावेत, पावतीवर नंबर लिहून घ्यावा. विकायची की ठेवायची, ते पुढचं पुढे. पण आपण काय देतोय हे माहीत नसताना बाईनं सही करू नये.