उभ्या गाडीचा धूर

जुन्या डिझेल गाडीचं पीयूसी एका आकड्यावर अडतं किंवा सुटतं. तो आकडा ६५. पूर्ण नाव ६५ हार्ट्रिज स्मोक युनिट. हार्ट्रिज ही डिझेलचे पंप तपासायची यंत्रं बनवणारी इंग्रजी कंपनी, आणि तिच्या नावाचं हे एकक समजायला अगदी सोपं आहे. ४३ सेंटीमीटर लांबीच्या नळीत धूर भरायचा, एका टोकाने प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यातला किती टक्के अडला ते बघायचं. ६५ टक्क्यांपर्यंत अडला तरी गाडी पास. अर्ध्या हाताच्या अंतरात निम्म्याहून जास्त उजेड गिळणारा धूर आपल्या कायद्याला चालतो, हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणून बघा.

आणि तरीही भिवंडीत या आकड्याची धास्ती असते. या शहरात दोन प्रकारची वाहतूक आहे. एक हायवेची. मुंबईची जकात चुकवून माल साठवता यावा म्हणून माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. तिथे मोठे कंटेनर येतात. दुसरी वाहतूक गल्लीतली: सायझिंगमधून बीम उचलायचे, यंत्रमागाच्या कारखान्यात टाकायचे, तिथून ग्रे कापडाचे तागे भरायचे. अंतर पाच-सात किलोमीटर, भाडं किरकोळ. या कामाला कोणी नवी गाडी घेत नाही. लांब पल्ल्यावर झिजलेली गाडी शेवटी अशा कामाला लागते. १९८६ साली बाजारात आलेलं टाटा ४०७ हे या गल्ल्यांचं लाडकं मॉडेल, आणि त्यातल्या कित्येक गाड्यांचं वय ही पाटी वाचणाऱ्या ट्रॅफिक हवालदारापेक्षा फार कमी नसेल.

धुरावरचा कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्याने १९१२ सालीच धूर-उपद्रवाचा कायदा केला, पण तो गिरण्यांच्या चिमण्यांसाठी होता. त्या काळात जगभर धूर मोजायचा तो डोळ्यांनी. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८च्या सुमारास काळ्या रेघांच्या जाळ्या छापलेला तक्ता तयार केला होता. तो समोर धरायचा आणि धुराचा रंग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते सांगायचं. मोटारींना यंत्राने मोजायचा काळ आला तो १९८८चा मोटार वाहन कायदा आणि १९८९चे केंद्रीय नियम यांच्यासोबत. त्यातला ११५वा नियम म्हणजे पीयूसीचं मूळ. नवी गाडी वर्षाची झाली की प्रमाणपत्र जवळ हवं. आज बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याहून जुन्यांना सहा महिने.

सुरुवातीचा नियम पेट्रोल गाड्यांना एकच प्रश्न विचारत होता: गाडी उभी असताना, इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर धुरात कार्बन मोनॉक्साइड किती? चारचाकीला ३ टक्के, दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के. आता बजाज चेतकसारखी टू-स्ट्रोक स्कूटर घ्या. तिच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आणि ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरताना त्यातला बराच भाग न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतो. तिचा खरा दोष हा. पण यंत्र तो विचारतच नव्हतं. त्यामुळे मिस्त्री कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी, हवा जास्त करायचा. कार्बन मोनॉक्साइड खाली यायचा, कागद मिळायचा आणि स्क्रू परत जागेवर, कारण त्या सेटिंगवर डबलसीट चढ चढत नसे.

१ ऑक्टोबर २००४पासून नियमात हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं इंधनही मोजायला लागले. मार्च २०००पर्यंतच्या दुचाकींना ९००० पीपीएमची मर्यादा, त्यानंतरच्या टू-स्ट्रोकना ६०००. इंजिनियर म्हणून मला हा बदल फार आवडतो. हवा प्रमाणाबाहेर वाढवली की इंजिन मिसफायर होतं, आणि मिसफायर झालं की न जळालेलं पेट्रोल वाढतं. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं. मिस्त्रीचा जुना स्क्रू एका फटक्यात निम्मा निकामी झाला.

डिझेलमध्ये अशी पेच टाकणारी दुरुस्ती झालीच नाही. बीएस-४च्या गाड्यांसाठी मर्यादा ६५वरून ५०वर आणली, पण पद्धत तीच राहिली: गाडी न्यूट्रलला, इंजिन गरम, ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा, धुराचा झोत मोजायचा, असं काही वेळा करून सरासरी काढायची. पास होण्याचे सरळ मार्ग आहेत. एअर फिल्टर साफ करणं, नोझल तपासून घेणं, गाडी चांगली पळवून गरम करून आणणं. त्याने धूर खरोखर कमी होतो. वाकडे मार्गही आहेत: पाय अर्धाच दाबायचा, किंवा पंपावरचा स्क्रू मागे घेऊन डिझेल कमी सोडायचं. तो स्क्रू तसाच ठेवला तर भरलेली गाडी कसारा घाटात दम टाकेल, म्हणून चाचणी झाली की तोही जागेवर जातो.

शिवाय टाकीत काय भरलं होतं हे यंत्र विचारत नाही. रॉकेलच्या भेसळीचा धंदा आपल्याकडे केवढा मोठा होता हे २५ जानेवारी २०११ला उघड्यावर आलं. त्या दिवशी मनमाडजवळ पानेवाडीत भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. चाचणीत नापास होतो तो मात्र गाडीवाला.

मोजणीवरचा विश्वास न्यायालयांचाही हळूहळू उडालेला दिसतो. १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धुराने त्रस्त रहिवाशांच्या मंचाची याचिका आली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढच्या आदेशांचा रोख धुराच्या टक्क्यांपेक्षा गाडीच्या वयावर आणि इंधनावर राहिला. जुन्या टॅक्सींनी सीएनजीवर जावं, नाहीतर रस्ता सोडावा. धूर मोजणं कठीण, वय मोजणं सोपं. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती जात बंद झाली. त्या दिवशी तिचा धूर किती होता, हा प्रश्नच नव्हता.

प्रमाणपत्राभोवतीचं कुंपण दरम्यान उंच होत गेलं. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याचं नूतनीकरण पीयूसीला जोडलं. २०१९च्या दुरुस्तीने दंडाची कमाल १०,००० रुपयांवर नेली. केंद्रं ऑनलाइन झाली, नंबरप्लेटचा फोटो चढवावा लागतो. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ६००वरून ५००० झालं. हे सगळं कागदाभोवतीचं. उभ्या गाडीचा धूर मोजून धावत्या गाडीला प्रमाणपत्र द्यायचं, हा गाभा कुणी हलवला नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या कथेतला सगळ्यात लाजिरवाणा अध्याय मला गॅरेजमध्ये सापडत नाही. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेने फोक्सवॅगनला पकडलं. त्यांच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्राम प्रयोगशाळेतली चाचणी ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जात होते. हे उघडकीला आलं कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्र डिकीत टाकून गाडी रस्त्यावर चालवली. भारतात पुण्याच्या एआरएआयनेही प्रयोगशाळेतल्या आणि रस्त्यावरच्या आकड्यांतली तफावत दाखवली, आणि त्या डिसेंबरात कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या. मिस्त्री एक स्क्रू एका गाडीसाठी फिरवतो. तो स्क्रू कोडमध्ये लिहिला की जगभरातल्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्यांत आपोआप फिरतो, तोही इंजिनियरांच्या हातून, नवीन गाड्यांत.

पीयूसीच्या कागदावर नायट्रोजन ऑक्साइडचा रकाना आजही नाही. फुप्फुसात खोल जाणाऱ्या बारीक कणांचाही नाही. कल्याण नाक्याच्या कोंडीत सायकलवर असलेला यंत्रमाग कामगार जे ओढतो, त्यातलं बरंचसं या कागदाच्या बाहेर आहे. वायुवेग पथकाला हवा असतो तो कागद, आणि तो चालकाकडे असतो.

सहा महिने झाले की टेम्पो पुन्हा पंपावरच्या पीयूसीच्या ओम्नीपाशी येतो. इंजिन गरम, फिल्टर साफ, मागचा हौदा रिकामा.