तांब्यावरचे मुद्रण

मराठी मुद्रणाचा इतिहास शिकवताना आम्ही बरीच वर्षे ठरलेल्या वाटेने जात असू. 1556 मध्ये गोव्यात आलेला छापखाना, 1805 चे केरीचे मराठी व्याकरण, मुंबईतील अमेरिकन मिशन, गणपत कृष्णाजी, आणि शेवटी 6 जानेवारी 1832 चे ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे आमच्याच सिंधुदुर्गातले, असे अभिमानाने सांगितले की तास संपे. या इतिहासात आपण काय वगळतो आहोत, याची जाणीव आम्हांला एका जळक्या अॅम्प्लिफायरमुळे झाली.

मालवणमधील आमच्या एका विद्यार्थ्याचे काका भजनी मंडळांचे ध्वनिसाहित्य दुरुस्त करतात. डबलबारीच्या हंगामात एका जुन्या अॅम्प्लिफायरचा प्रिंटेड सर्किट बोर्ड जळला. तसा बोर्ड बाजारात मिळेना. आज आराखडा पाठवून परदेशातूनही बोर्ड स्वस्तात करून मागवता येतात. पण बारी दोन दिवसांवर आली होती. काकांनी तो घरीच करायचे ठरवले, आणि ते काम पाहण्याचा योग आम्हांला आला.

कृती थोडक्यात सांगतो. एका बाजूला तांब्याचा सुमारे 35 मायक्रॉन जाडीचा पापुद्रा चिकटवलेली पाटी घ्यायची. विजेने ज्या वाटांनी जायचे त्या वाटांचे चित्र लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचे. (काकांनी त्यासाठी एका जुन्या दिवाळी अंकाचे पान फाडले, तेव्हा आमचा जीव थोडा खालीवर झाला.) तो कागद पाटीवर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची, की काळी भुकटी वितळून तांब्याला चिकटते. मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा आणि पाटी प्लास्टिकच्या तबकात फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची. उघडे तांबे द्रावण खाऊन टाकते. काळ्या रेषांखालचे तेवढे उरते. शेवटी थिनरने काळा थर पुसला, की खाली तांब्याच्या चकचकीत वाटा दिसतात.

चित्र छापण्यापूर्वी काकांनी पुतण्याला दोनदा बजावले, की ते उलटे, आरशात दिसते तसे छाप; नाहीतर पाटी वाया जाईल. ते ऐकताना आम्हांला शिळाप्रेसची आठवण झाली. दगडावर उलटे लिहावे तेव्हा कागदावर सुलटे उमटते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत होतो. मुद्रणाचे तेच पहिले बंधन येथे, एका ओटीवर, समोर चालू होते.

हे साम्य वरवरचे नाही. शिळामुद्रणाचा जनक आलोइस झेनेफेल्डर हा नाटककार. आपली नाटके छापून घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून तो घरीच तांब्याच्या पत्र्यावर उलट्या अक्षरांत लिहून आम्लाने कोरण्याचा सराव करू लागला. तांबे महाग पडे, म्हणून तो दगडाकडे वळला, आणि त्यातून 1796 ते 1798 च्या सुमारास शिळामुद्रण जन्माला आले. तेलकट अक्षराने त्याच्याखालचा पृष्ठभाग राखायचा आणि उरलेल्यावर रसायनाची क्रिया होऊ द्यायची, ही त्यामागची कल्पना. काकांच्या तबकातही तीच कल्पना काम करीत होती.

आपल्याकडेही तांब्याशी मुद्रणाचे नाते जुने आहे. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या हाताखाली एक तांबट देवनागरी अक्षरे कोरण्यास शिकला. पुढे तो मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि 1805 मध्ये तेथे तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून दगडाचे तुकडे मिळवले, लाकडी यंत्र केले, शाईचे प्रयोग केले आणि 1831 मध्ये पंचांग छापले. कोठेही तयार सामग्री नव्हती. पाहून, चुकून, पुन्हा करून ही विद्या हातात आली होती.

छापील सर्किटाचा उगमही अशाच एका खोलीत आहे. पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू अभियंता. मायदेशी नोकरीची दारे बंद झाली, तेव्हा रेडिओच्या नियतकालिकाचे काम करताना त्याने छापखाना जवळून पाहिला. 1936 मध्ये तो लंडनला गेला आणि तेथील भाड्याच्या खोलीत त्याने छापील सर्किटाचा रेडिओ जोडला. त्या काळी रेडिओतील तारा स्त्रीकामगार हाताने जोडत. ते काम स्वस्तात होत असल्याने कारखानदारांना नव्या पद्धतीची गरज वाटली नाही. अखेर त्याला हात दिला तो संगीताच्या स्वरलिपी छापणाऱ्या एका मुद्रणसंस्थेने. त्याचा पेटंटचा अर्ज 1943 चा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये हे तंत्र वापरले. तेथून ते घराघरातील यंत्रांत पोचले. तेव्हा ‘प्रिंटेड’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. ही वस्तू छापखान्याच्या वंशातली आहे.

काकांनी तयार वाटांवर कथील-शिशाचा पातळ थर चढवला आणि त्याला ते ‘कल्हई’ म्हणाले. तांब्याच्या भांड्यात ताक कळकते, हे कोकणातल्या घराला सांगावे लागत नाही. खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते, हेही नाही. कल्हईवाल्याची जुनी विद्या आणि इलेक्ट्रॉनिक्सची नवी विद्या त्या एका शब्दात सहज जोडली गेली. पारिभाषिक कोश चाळून आम्हांला इतका नेमका शब्द सुचला नसता.

मात्र या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे असते. पूर्वी ते परसात ओतले तेव्हा तेथले अळू जळाले, असे काकांनीच सांगितले. होड्यांच्या तळाला कालवे धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात तांब्याची संयुगे असतात. जे होडीच्या तळावर उपकारक, ते खाडीत कालवांच्या पिलांना मारक. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. काका आता द्रावणात धुण्याचा सोडा घालतात, खाली बसलेला गाळ गाळून वाळवतात आणि बंद डब्यात राखून ठेवतात. गटारात किंवा खाडीत तो जाऊ देत नाहीत.

ही सावधगिरी त्यांना अळू गमावल्यावर कळली. ती मराठीत कोठे वाचायला मिळाली नव्हती. आम्हांला खंत वाटते ती येथे. जांभेकरांनी 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले ते शास्त्रीय विषय मराठीत आणण्यासाठी. त्याच जिल्ह्यात आज हाताने शास्त्र जाणणारी माणसे आहेत आणि आम्ही मराठीचे अध्यापकही आहोत. पण त्यांचे ज्ञान लिहून ठेवणे हे आपले काम आहे, असे आम्हांला कधी वाटले नाही. मुद्रणाचा इतिहास आम्ही ग्रंथांचा इतिहास म्हणून शिकवला. मिरजेच्या गीतेबद्दल बोलताना पटवर्धनांचे नाव घेतले आणि तांबटाला ‘तांबट’ म्हणून सोडून दिले.

या वर्षी त्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी काकांची सारी कृती, कल्हई आणि गाळासकट, मराठीत लिहून आणली. काही वाक्ये मालवणीत होती. ती आम्ही तशीच ठेवली. बारीच्या दिवशी अॅम्प्लिफायर वाजला आणि रात्रभर चालला.