न वाचलेल्या ग्रंथाची शिफारस: सोलापूरशी जोडलेली दोन पत्रे

१८८३ च्या सुमारास मुंबईचे एक जवाहिरे दक्षिणेची तीर्थयात्रा आटोपून परतले आणि त्यांनी सोलापुरातील आपल्या मित्राला एका ग्रंथाविषयी पत्र लिहिले. ग्रंथ फार मोलाचा आहे, आपण एकदा जाऊन तो पाहावा, असा त्या पत्राचा आशय होता. चमत्कारिक गोष्ट अशी की, पत्र लिहिणाऱ्याने तो ग्रंथ वाचलेला नव्हता. ज्यांच्या ताब्यात तो होता, त्यांनाही तो वाचता येत नव्हता.

पत्र लिहिणारे होते सेठ माणिकचंद जव्हेरी. ज्यांना ते लिहिले, ते सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी. पुढे उद्योगपती म्हणून गाजलेल्या वालचंद हिराचंद यांचे हे वडील. सोलापूरकरांना त्यांचे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे: शहरातील जुने सार्वजनिक वाचनालय आज ‘हिराचंद नेमचंद वाचनालय’ म्हणूनच ओळखले जाते.

आणि तो ग्रंथ म्हणजे ‘धवला’.

दिगंबर जैन परंपरेत ‘षट्खंडागम’ हा अत्यंत प्राचीन व प्रमाणभूत सिद्धान्तग्रंथ मानला जातो. त्यावर आचार्य वीरसेनांनी इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, प्राकृत व संस्कृत यांच्या मिश्र भाषेत प्रचंड टीका लिहिली. तिचे नाव ‘धवला’. तिचा विस्तार परंपरेने ७२ हजार श्लोकांइतका सांगितला जातो. तिच्या जोडीला ‘जयधवला’ आणि ‘महाधवला’ हे ग्रंथ. या तिन्हींच्या जुन्या ताडपत्री प्रती एकाच ठिकाणी टिकून राहिल्या होत्या. ते ठिकाण म्हणजे दक्षिण कानडा जिल्ह्यातील, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील, मूडबिद्री.

मूळ षट्खंडागमाच्या जन्माची कथाही एका पत्रापासूनच सुरू होते. गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना वाटले की, आपल्याबरोबर आपले ज्ञानही लोपेल. त्यांनी दक्षिणापथातील मुनिसंघाला पत्र धाडले आणि संघाने दोन बुद्धिमान मुनी पाठवले. आलेले दोघेही अनोळखी. म्हणून आचार्यांनी त्यांची परीक्षा पाहिली: एकाला एक अक्षर अधिक असलेला मंत्र दिला, दुसऱ्याला एक अक्षर उणे असलेला. दोघांनीही चूक ओळखून आपापला मंत्र दुरुस्त केला, तेव्हा विद्यादान सुरू झाले. हेच पुष्पदंत आणि भूतबली. कथेचा ऐतिहासिक अंश किती, हा प्रश्न वेगळा. पण एका अक्षराची ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. पुढे ती फार निराळ्या रूपात समोर येते.

ग्रंथ पूर्ण झाल्याचा दिवस म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळली जाते. त्या दिवशी शास्त्रांची पूजा होते. म्हणजे कित्येक शतके एका ग्रंथाचा वाढदिवस गावोगाव साजरा होत होता आणि तो ग्रंथ वाचलेला माणूस मात्र सापडणे दुर्मीळ होते.

मूडबिद्रीत ताडपत्रांचे दर्शन होई. यात्रेकरू येत, पोथ्या बाहेर काढल्या जात, लोक नमस्कार करून दक्षिणा ठेवत आणि पोथ्या पुन्हा बासनात जात. लिपी जुनी कानडी. ती वाचणारे थोडे, आणि वाचून त्या प्राकृताचा अर्थ लावणारे त्याहून थोडे. माणिकचंदांनी जे पाहिले ते एवढेच.

त्यांनी शिफारस केली, ती या दर्शनाच्या बळावर.

हिराचंद पुढच्याच वर्षी मूडबिद्रीला गेले. त्यांना नुसते दर्शन पुरेसे वाटले नाही. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांना ती लिपी येत होती. त्यांच्याकडून त्यांनी ग्रंथाचा आरंभीचा मंगलाचरणाचा भाग वाचवून घेतला. शतकानुशतकांच्या वंदनानंतर ती अक्षरे पुन्हा कुणाच्या तरी कानांवर पडली. या ग्रंथाची नक्कल झाली पाहिजे, हा विचार तेथूनच बळावला.

हे वेड सोलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या डोक्यात का शिरावे? त्यासाठी त्या काळातील वाचनाच्या दोन परस्परविरुद्ध जगांकडे पाहावे लागते.

पहिले जग ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’चे. रत्नागिरीत १८२८, नाशकात १८४०, पुण्यात १८४८ अशी ही ग्रंथालये उभी राहत गेली आणि शतकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याच्या गावी वाचनालय असणे ही प्रतिष्ठेची बाब झाली. तेथे वर्गणी भरावी, मेजावरचे वृत्तपत्र उचलावे, शेजारी बसलेल्या अपरिचित गृहस्थाला ‘हे पुस्तक कसे आहे?’ असे विचारावे. गुरू नाही, दीक्षा नाही, अधिकाराची पृच्छा नाही. अर्थात हे चित्र फार गुलाबी करून पाहू नये. वर्गणी परवडणारे थोडे होते, स्त्रिया जवळजवळ नव्हत्या आणि जातीची भिंत न लिहिताही उभी होती. तरीही, अनोळखी माणसाला पुस्तक सुचवण्याची रीत मराठी गावांत रुजली ती या मेजांभोवतीच.

दुसरे जग शास्त्रभांडाराचे. तेथे ग्रंथ ही वाचण्याची वस्तू होण्याआधी पूजेची वस्तू होती. जैन शास्त्रे छापावीत की नाही, यावर त्या काळात विलक्षण कडवा वाद पेटला होता. छापखान्यातील शाई अपवित्र, यंत्राच्या रुळांना चामडे, जुळारी कोण कुठले, आणि छापलेले पान उद्या वाण्याच्या पुडीत जाईल, असे आक्षेप घेतले जात. छापील ग्रंथ मंदिरात येऊ द्यायचा नाही, असे कित्येक ठिकाणी ठरले. यातली शेवटची भीती अगदीच खुळी नव्हती, हे रद्दीच्या दुकानात डोकावलेला कुणीही मान्य करील.

हिराचंद या दोन्ही जगांत वावरत होते. १८८० च्या दशकात त्यांनी सोलापूरहून ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. गावोगाव विखुरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या वाचकांना त्यामुळे एकच पान समोर धरता येऊ लागले. अशा माणसाला बासनात बांधलेला ग्रंथ अस्वस्थ करणारच.

प्रत्यक्ष कामाला मात्र दहा-बारा वर्षे लागली. मधल्या काळात अजमेरच्या एका धनिकांनी नक्कल करवण्याचा प्रयत्न केला, पण प्रत उत्तरेत जाणार असे दिसताच मूडबिद्रीच्या पंचांनी काम पुढे जाऊ दिले नाही. अखेर हिराचंद व माणिकचंद यांनी पुढाकार घेऊन वर्गणी उभी केली. जो ग्रंथ आपल्याला कधी दिसेल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्या नकलेसाठी दूरदूरच्या लोकांनी पैसे दिले. १८९६ मध्ये ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय कामाला बसले. ब्रह्मसूरींचे निधन झाले, तरी गजपतींनी काम चालू ठेवले. त्यांच्यानंतर आणखी लेखनिक आले. तिन्ही ग्रंथांच्या नकला पूर्ण होईपर्यंत १९२२ साल उजाडले. एका नकलेला २६ वर्षे!

पण पंचांची अट कायम होती: नक्कल करा, मात्र ती मूडबिद्रीतच राहील. म्हणजे जुन्या पोथीच्या शेजारी नवी पोथी ठेवली गेली आणि वाचक होता तेथेच उभा राहिला.

पंचांना खलनायक ठरवणे सोपे आहे. तथापि किनाऱ्यालगतच्या दमट हवेत, वाळवी आणि बुरशी यांच्यापासून ही ताडपत्रे त्यांच्याच पूर्वजांनी कित्येक शतके राखली होती. इतरत्र ही परंपरा तुटली, येथे तुटली नाही. ग्रंथ हेच त्या गावाचे वैभव होते. प्रती सर्वत्र झाल्या तर यात्रेकरू कशाला येतील, ही चिंता त्यांना वाटली असेल तर ती माणसासारखीच चिंता होती.

आता गजपती उपाध्यायांकडे यावे लागते. दिवसा ते पंचांसाठी नक्कल करीत. आणि घरी, गुप्तपणे, आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने कानडी लिपीत दुसरी नक्कल करीत. हजारो श्लोकांचे हे काम दोघांनी कुणाला सुगावा न लागू देता पुरे केले. या साऱ्या प्रकरणात लक्ष्मीबाईंचे नाव एखाद-दुसऱ्या ओळीत येते आणि जाते. वास्तविक, मूडबिद्रीबाहेर या ग्रंथाचा जो प्रवास झाला, त्याच्या उगमाशी त्यांचे हस्ताक्षर असण्याचा संभव आहे.

गजपती ही प्रत घेऊन सर्वांत आधी कुठे गेले? सोलापूरला, हिराचंद नेमचंदांकडे. योग्य मोबदला द्यावा आणि प्रत ठेवून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते.

हा क्षण थांबून पाहण्याजोगा आहे. ज्या ग्रंथासाठी हिराचंदांनी प्रवास केला, पैसा उभा केला, उमेदीची वर्षे खर्ची घातली, तो ग्रंथ त्यांच्या दारात आला होता. त्यांनी तो घेतला नाही. नकलेचे काम पंचांच्या अटी मान्य करून सुरू झाले होते आणि दिलेला शब्द चोरवाटेने मोडणे त्यांना पटले नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी मुंबईला माणिकचंदांनाही पत्र लिहून कळवले की, आपणही ही प्रत ठेवून घेऊ नये.

हे दुसरे पत्र. पहिल्याने सांगितले होते की ग्रंथ पाहावा. दुसऱ्याने सांगितले की घेऊ नये. दोघे मित्र तेच, ग्रंथही तोच.

हिराचंदांचा निर्णय नैतिक दृष्ट्या बिनतोड होता. पण इतिहासाने त्यांचा मार्ग धरला नाही, हेही खरे. गजपती उत्तरेकडे गेले. सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी प्रत घेतली आणि आपल्या मंदिरात ठेवली. आता ती वाचण्याजोगी करायची तर कानडी लिपीतून नागरीत आणणे आवश्यक होते. १९१६ ते १९२३ या काळात विजयचंद्रय्या आणि पंडित सीताराम शास्त्री यांनी ते केले. एकाने कानडी वाचावे, दुसऱ्याने नागरीत उतरवावे. आणि येथे इतिहासाने जणू थट्टाच केली. सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठी एक वेगळी प्रत ठेवून घेतली. गुप्त प्रतीची गुप्त प्रत!

या प्रतीवरून मग नकलांची रांगच लागली. बिहारमधील आरा, मध्य प्रांतातील सागर, वऱ्हाडातील कारंजा. एका गावातून दुसऱ्या गावी बातमी जाई की अमक्यांकडे ‘धवला’ आली आहे. मग कुणीतरी लेखनिकाची सोय करी. ना विक्रेता, ना जाहिरात. एकमेकांची तोंडेही न पाहिलेले वाचक केवळ एकमेकांच्या शब्दावर शेकडो पानांची नक्कल करवून घेत होते.

कारंजाजवळच्या अमरावतीत त्या काळी किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते डॉ. हिरालाल जैन. त्यांनी या प्रतींचा मेळ घालून संपादन हाती घेतले. विदिशेच्या सेठ लक्ष्मीचंदांच्या देणगीतून प्रकाशनाचा निधी उभा राहिला आणि १९३९ मध्ये पहिला भाग छापून प्रसिद्ध झाला. पुढची सुमारे वीस वर्षे खपून १६ भागांत ‘धवला’ पूर्ण झाली. माणिकचंदांच्या पहिल्या पत्रानंतर ग्रंथ छापील रूपात वाचकाच्या हाती येऊ लागायला साडेपाच दशकांहून अधिक काळ लोटला होता.

छापल्यावर मूडबिद्रीची भूमिकाही बदलली. ग्रंथ निष्ठेने संपादित होत आहे हे पाहून तेथील धुरीणांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास संमती दिली. जे दार साठ वर्षे उघडले नव्हते, ते छापील पुस्तकाने उघडले.

आणि मग ती अक्षराची गोष्ट आली. पहिल्या भागातील ९३ व्या सूत्रात, मनुष्य-स्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्या सांगताना, संपादकांना ‘संजद’, म्हणजे संयमी, हा शब्द गळल्यासारखा वाटला. हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. संदर्भ पाहता तो असायला हवा, अशी टीप त्यांनी दिली. त्यावर गदारोळ उठला. स्त्री पूर्ण संयमाच्या पायरीपर्यंत पोहोचू शकते का, हा दिगंबर व श्वेतांबर संप्रदायांमधील फार जुना वाद. त्यामुळे एका शब्दाच्या असण्या-नसण्याला केवढे वजन आले असेल, हे सहज कळते. शब्दाचा अर्थ कसा लावायचा यावर पंडितांत मतभेद राहिलेच. पण ताडपत्रे उघडून पाहिली, तेव्हा मूळ पोथीत ‘संजद’ होता. मूडबिद्री ते अमरावती या वाटेवर, नकलेच्या नकलेत, तो कुठेतरी पडला होता.

पहिली आवृत्ती पुढे मिळेनाशी झाली. तेव्हा ताडपत्रांशी ताडून पाहिलेले पाठ घेऊन ‘धवले’ची सुधारित आवृत्ती निघाली. ती प्रसिद्ध केली जैन संस्कृति संरक्षक संघाने, आणि प्रकाशनस्थळ होते सोलापूर.