वनखात्याची वही

जंगल राखणं हे पायांचं काम, पण त्याची हजेरी लागते कागदावर. रेंजरची दैनंदिनी, गार्डची टिपणवही, तोड सापडली की पंचनामा: कर्जत-खालापूरच्या रानातही हाच शिरस्ता आहे.

त्याचं मूळ मुंबई इलाख्याच्या वनखात्यात. 1847 साली इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन पेशाने शल्यवैद्य, पण जीव झाडाझुडपांत. 1861 साली डाल्झेल यांच्या जोडीने त्यांनी ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. 1878 साली वनकायदा आला आणि त्याच वर्षी डेहराडूनला वनशाळा निघाली. लिहित्या वनाधिकाऱ्यांची ही परंपरा मराठीत मारुती चितमपल्लींनी घरोघरी पोचवली.

या दप्तरात बाई होती, पण पलीकडच्या बाजूला. सरपणाची मोळी घेऊन नेरळ-कर्जतच्या बाजाराला निघालेली ठाकूर किंवा कातकरी बाई नाक्यावर अडवली गेली, तर तिचं नाव चढायचं ते आरोपीच्या रकान्यात. ऐन कुठला, किंजळ कुठला, कंद कधी उकरायचा, हे तिला तोंडपाठ. लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात.

वर्दीतल्या बाईची गोष्ट वेगळी. अमेरिकेत क्लेअर मेरी हॉजेस 1918 सालीच योसेमिटीत रेंजर झाल्या. हर्मा बॅगली 1931 साली यलोस्टोनमध्ये कायम नोकरीतल्या निसर्गतज्ज्ञ झाल्या, आणि 1936 साली तिथल्या वनस्पतींवरच्या पुस्तकावर सहलेखिका म्हणून त्यांचं नाव आलं. आपल्या भारतीय वनसेवेत बायका आल्या त्या 1980 साली. महाराष्ट्रात पुढे सरकारी नोकरीत महिलांना 30 टक्के आरक्षण मिळालं आणि खाकीतल्या मुली बीटवर, म्हणजे गार्डला नेमून दिलेल्या हद्दीत, दिसू लागल्या. भरतीत त्या चार तासांत 16 किलोमीटर चालून दाखवतात. लेखणीही हळूहळू हातात येते आहे: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पशुवैद्यक म्हणून काम केलेल्या डॉ. विनया जंगले यांचं ‘मुक्या वेदना बोलक्या संवेदना’ हे त्याचंच उदाहरण.

कर्जत-खालापुरात बीट सांभाळणाऱ्या मुलींना म्हणून एकच सांगणं. सरकारी रकान्यात मावत नाही ते रोज दोन ओळी वेगळ्या वहीत उतरवा: वणवा कुठल्या अंगाने चढला, कारवी कुठल्या साली फुलली, मोळीवाली काय सांगून गेली. पुस्तक निघालंच, तर तिला विचारून तिचं नावही त्यात घाला, माहीतगार म्हणून.