बिशप पामर यांचे कुलवृत्त

मुंबईचे अँग्लिकन बिशप एडविन जेम्स पामर (१८६९–१९५४) यांच्या काळी आमचा बुलढाणा जिल्हा वऱ्हाडात, मुंबई इलाख्याबाहेर होता. तरी त्यांचे कुलवृत्त आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो, कारण त्यात आमच्याही ख्रिस्तसभेचा एक धागा गुंतलेला आहे.

त्यांचे वडील ऑक्सफर्ड येथे आर्चडीकन होते. चुलते राउंडेल दोनदा इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले व १८८२ साली त्यांस सेलबोर्नचे अर्लपद मिळाले. घराण्यात सरदारी आली ती कायद्याच्या बुद्धीने, तलवारीने नव्हे. परंतु सर्वांत वडील चुलते विल्यम यांची कथा आम्हांस अधिक मोलाची वाटते. १८४० साली ते रशियास गेले आणि तेथील सभेने आपणांस ख्रिस्तशरीर द्यावे म्हणून विनवीत राहिले. दार उघडले नाही. अखेर १८५५ साली रोम येथे ते कॅथॉलिक झाले.

ऐक्याचा तोच प्रश्न पुतण्याने हिंदुस्थानात हाती घेतला. १९०८ ते १९२९ या कारकीर्दीत दक्षिणेतील अँग्लिकन व इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या एकीकरणासाठी ते झटले. बिशपांचे हस्तारोपण न झालेल्या पाळकांचे काय, हा मोठा पेच होता. त्यांस तसेच स्वीकारावे, पुढील दीक्षा मात्र बिशपांच्याच हस्ते व्हाव्यात, असा तोडगा निघाला. याजकपदाविषयीच्या आमच्या श्रद्धेस तो मानवणारा नाही. त्यामागील तळमळ मात्र खरी होती. १९४७ साली मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा पामर हयात होते. त्यांच्या मुंबई धर्मप्रांताची पाळी १९७० साली आली. तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला, आणि त्या ऐक्याचा विधी झाला आमच्याच विदर्भात, नागपुरास.