लुनापासून बॅटरीच्या गाडीपर्यंत

गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटापुढे कर्जाचा एक अर्ज आला. अर्ज आमच्यातल्याच एका ताईचा. ती बँक सखी आहे. हातात ते छोटं मशीन घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचं, कुणाचे पैसे काढून द्यायचे, कुणाचे भरायचे, आणि संध्याकाळी तालुक्याच्या शाखेत हिशेब. रोजचे चाळीसेक किलोमीटर होतात. तिला बॅटरीवर चालणारी स्कूटर घ्यायची आहे. अर्ज वाचून झाला आणि कोपऱ्यात बसलेल्या काकू एवढंच म्हणाल्या, "आधी माझ्या गोठ्यातली बघून या, मग काय ते ठरवा."

काकूंच्या गोठ्यातल्या त्या गाडीकडे आपण येऊच. पण त्या दिवशी घरी जाताना आमचं बोलणं निघालं की, बाईच्या हातात दुचाकी आली तरी कधी, आणि कशी? आपल्या आयांच्या पिढीत बाईची गाडी म्हणजे एसटी. ती चुकली की पायी. म्हणून आज जरा मागचं बोलू.

सुरुवात सायकलीपासून करावी लागेल. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालली होती. शीला राणी चुंकथ या तेव्हाच्या जिल्हाधिकारी. त्यांनी मोहिमेला सायकल जोडली. बाई लिहा-वाचायला शिकेल, तशीच सायकलही शिकेल. शिवाय बँकांना सांगून बायकांना सायकलीसाठी कर्ज मिळवून दिलं. थोड्याच काळात लाखाच्या वर खेड्यातल्या बायका सायकल चालवायला लागल्या. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं तेव्हाच लिहून ठेवलंय. आपल्याकडे मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्याही याच वाटेवरच्या. पुदुक्कोट्टईत कर्ज बाईच्या नावावर होतं, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इंजिनाच्या गाड्या. १९७२ साली दोन गाड्या बाजारात आल्या, आणि दोन्ही आपल्याच मुलखातल्या. एक आकुर्डीची बजाज चेतक, दुसरी आपल्या नगरच्या कायनेटिकची लुना.

चेतक तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. पत्र्याची, भरभक्कम, मागे स्टेपनी. तेव्हा किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे आधी नंबर लावायचा आणि मग काही वर्षं वाट बघायची. कुणाकुणाचा नंबर आठ-दहा वर्षांनी लागायचा. अशी गाडी दारात असणं म्हणजे मोठी गोष्ट, म्हणून लग्नाच्या बोलाचालीत ती हटकून मागितली जायची. म्हणजे पैसे मुलीच्या बापाचे, किक जावयाची, आणि मुलगी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर लेकरू. ती गाडी तिच्या माहेरच्या पैशाची होती, पण तिची कधीच नव्हती. चालवणंही सोपं नव्हतं. डाव्या हातात क्लच आणि गिअर दोन्ही, गाडी वजनाला जड, आणि थंडीत सुरू झाली नाही की आडवी कलती करून मग किक मारायची. साडी नेसून हे करणारी बाई आमच्या पाहण्यात तरी नाही.

लुनाचं तसं नव्हतं. पन्नास सीसीचं इंजिन, सायकलीसारखी पायडल, अंगाने हलकी. मूळ बनावट इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या गाडीवरून घेतलेली. मधला भाग खाली, त्यामुळे साडीतही बसता यायचं. पायडल मारत निघायचं, इंजिन घेतलं की चाललं. पेट्रोल संपलं तर सायकलीसारखी रेटत घरी आणायची. लोक हसायचे तिला. चढाला दम टाकायची, प्लग काळा पडायचा, पेट्रोलमध्ये ऑइल मापाने घालावं लागायचं. पण गावोगावच्या शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई यांच्याकडे स्वतः चालवायची पहिली गाडी आली ती बहुतेक हीच. आमच्या शाळेतल्या बाई पदर खोचून लुनावर यायच्या. फाटकातून ती फटफट ऐकू आली की वर्गातला गोंगाट थांबायचा. लुना का टिकली? आम्हाला वाटतं, तिची दुरुस्ती सायकलवाल्यालाही जमायची म्हणून. प्लग पॉलिश पेपरने घासणं बाईंना स्वतःला यायचं.

पुढचं झपाट्याने झालं. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि बटण दाबलं की ती सुरू व्हायची. नव्वदच्या दशकात टीव्हीएसची स्कूटी, २००१ साली होंडाची ॲक्टिव्हा. प्रत्येक गाडीने एकेक अडसर काढला. आधी किक गेली, मग क्लच आणि गिअर गेले, मग वजन कमी झालं. गंमत बघा, पुरुषांची म्हणून जी स्कूटर होती ती बनवणंच बजाजने २००९-१० च्या सुमारास बंद केलं, आणि बिनगिअरची, बायकांची म्हणून जिला हिणवलं ती गाडी घराघरात गेली. आज घरातले पुरुषही तीच नेतात. इतकी नेतात की बाईला हवी असते तेव्हा ती दारात नसते!

आणि इथेच गोम आहे. आम्ही एकदा बैठकीत सहज विचारलं, घरातली स्कूटर कुणाच्या नावावर आहे? हप्ते गटाच्या कर्जातून बाईने फेडलेले, पण आरसी बुकावर नाव नवऱ्याचं, दिराचं, नाहीतर मुलाचं. का? तर "त्यांच्याकडे लायसन आहे." अगं, मग लायसन काढ ना!

आता काकूंच्या गोठ्यातली गाडी. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने बॅटरीच्या गाड्यांना पहिल्यांदा अनुदान दिलं. तेव्हा गावोगाव लहान लहान दुकानं उघडली. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन नको, नोंदणी नको, असा नियम आहे. विकणारे हेच सांगायचे. काकूंनी तेव्हा गटाकडून कर्ज घेऊन तसली गाडी घेतली. डेअरीवर दूध घालायचं, येताना पेंड आणायची, एवढंच काम.

त्या गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्या असायच्या, इन्व्हर्टरला असतात तशा. वजनाला जड, रात्रभर चार्ज कराव्या लागणाऱ्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी डेअरीपर्यंत जायची आणि परत येताना ढकलावी लागायची. बॅटऱ्या बसल्या होत्या. मार्च २०१२ ला अनुदान संपलं, गाड्यांचा खप एकदम पडला, आणि काकूंच्या दुकानदाराने शटर ओढलं. नव्या बॅटऱ्यांचा खर्च ऐकून घरचे म्हणाले, राहू दे. गाडी गोठ्यात गेली. तिच्या सीटवर आता कोंबड्या बसतात. आमच्या जुन्या वहीत मात्र काकूंचे हप्ते शेवटपर्यंत वेळेवर भरलेले दिसतात. गाडी बंद पडल्यावरही त्या भरत होत्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा आहे तो यासाठी, आणि त्यांचं चुकलं असं आम्ही तरी म्हणणार नाही.

त्यानंतर बरंच बदललं. एप्रिल २०१५ पासून फेम नावाची योजना आली, २०१९ पासून तिचा दुसरा टप्पा. शिशाच्या जागी मोबाइलमध्ये असते तशा लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, ती बॅटरीवर, आणि सुरुवातीला फक्त पुण्यात आणि बंगळुरूत मिळायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही बॅटरीवर आली. ती काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुख सुलज्जा फिरोदिया मोटवानी. म्हणजे लुनाच्या घराण्यातलीच लेक.

मधे एक वाईट काळही गेला. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशात ठिकठिकाणी बॅटरीच्या स्कूटर पेटल्या, माणसंही गेली. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून कुणी स्वस्तात जुनी गाडी देत असेल, तर ती त्याच्या आधीची आहे की नंतरची हे पहिलं विचारा. अनुदानाचंही तसंच. जून २०२३ मध्ये ते एकदम उतरवलं आणि गाड्या महागल्या. "ताई, आजच बुक करा, उद्या अनुदान जाईल," असं शोरूमवाला म्हणाला की आम्हाला २०१२ आठवतं. अनुदान जाणारच असतं. ते गेल्यावर दुकान उघडं राहील का, हा आपला प्रश्न.

तर आमच्या ताईचा अर्ज. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तिची आत्ताची पेट्रोलची गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते. ४० किलोमीटरला नव्वद-पंच्याण्णव रुपये, महिन्याच्या २६ दिवसांचे २४०० च्या आसपास. बॅटरीच्या गाडीला तेवढ्या अंतराला साधारण दीड युनिट लागेल, म्हणजे महिन्याला ३९ युनिट. इथे एक खोच आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंतचा दर कमी असतो आणि पुढचा बराच चढा. ताईच्या घरी आत्ताच नव्वदच्या वर युनिट पडतात. म्हणजे गाडीचे जवळपास सगळे युनिट चढ्या दराने. तरी साडेचारशे-पाचशेच्या पुढे जात नाही. दीड-दोन हजार वाचतात, त्यात हप्त्याचा मोठा भाग निघतो.

मग काकूंनी प्रश्न विचारायला घेतले. आम्ही नुसते लिहून घेतले. कंपनी सांगते तेवढे किलोमीटर मागे माणूस बसवून, चढावर जाते का? तीन वर्षांनी किती जाईल? हमी बॅटरीची आहे की नुसत्या गाडीची, आणि ती कागदावर आहे का? नवी बॅटरी आज किती रुपयांना आहे, त्याची पावती-किंमत लेखी देतील का? बिघडली तर दुरुस्ती तालुक्याला होते की नगरला न्यावी लागते, आणि तोवर ताईने वाड्यांवर जायचं कसं? दिवसा लाइट जाते, मग बॅटरी काढून बँकेत चार्जिंगला लावता येते का? घराला अर्थिंग नीट आहे का? या शेवटच्या प्रश्नावर ताई गप्प झाली. एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावायची नाही, वायरमनकडून जाडा पॉइंट काढून घ्यायचा, हे तिथेच ठरलं. त्याचा खर्च अर्जात धरला.

शेवटी नावाचं. ताईच्या मालकांचं म्हणणं, गाडी त्यांच्या नावावर घ्यावी, विम्याला वगैरे सोपं पडतं. काही सोपं पडत नाही, सगळं सारखंच. आमच्या अध्यक्षांनी ठरावात लिहिलं की कर्ज जिच्या नावावर, आरसी तिच्याच नावावर. ताईचं शिकाऊ लायसन निघालंय, पक्कं पुढच्या महिन्यात.

अर्जावर निर्णय येत्या बैठकीत होईल. त्याच्या आधी शोरूमची चक्कर आहे. काकूंनी निरोप धाडलाय, जामीनदार म्हणून सही त्या करतील. पण चाचणीला त्या बरोबर येणार, मागच्या सीटवर बसणार, आणि गावाअलीकडचा चढ गाडीने दोघींना घेऊन चढला तरच.